झाडावरचा उजेड, काठाची माती

मलेशियाची राजधानी क्वालालंपूरपासून साधारण 65 किलोमीटरवर सेलांगोर नदी समुद्राला मिळते. मुखाजवळच्या क्वाला सेलांगोर गावातून नदीने थोडं आत गेलं की काम्पुंग क्वांतान लागतं. इथल्या काठावर बेरेम्बांगची झाडं आहेत, आणि त्यांच्यावर वर्षाचे बारा महिने, रोज रात्री काजवे जमतात. आपल्याकडे सह्याद्रीत काजवे मेअखेरीस दिसू लागतात आणि पाऊस स्थिरावला की संपतात. इथल्या काजव्यांना असा हंगाम नाही. त्यामुळे त्यांच्या मोजणीलाही हंगाम नाही. ती दर महिन्याला, अमावास्येच्या आगेमागे होते. त्या दिवसांतला हा एक दिवस.

सकाळी 6.30

इथे सात वाजून गेल्यावर उजाडतं. अंधारातच दिवा लावून मी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडते. अमावास्येचं उधाण आहे. दुपारकडे पाणी पार उतरेल आणि संध्याकाळी पुन्हा चढेल. म्हणजे दुपारी काठाच्या चिखलात पाय घालता येईल आणि रात्री होडी झाडांच्या जवळ नेता येईल. चंद्राचाही प्रश्न नाही. चांदणं असलं की फिकट ठिपके डोळ्यांना आणि कॅमेऱ्याला नीट दिसत नाहीत, आणि या महिन्याची मोजणी मागच्या महिन्याशी ताडून बघता येत नाही.

मग सामानाची उजळणी. तांबड्या काचेचे हेडलॅम्प, जीपीएस, उजेड मोजायचं लक्स मीटर, पाण्याचा खारटपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर, तापमान आणि आर्द्रतेचं यंत्र, कॅमेरा, तिकाटणं, बारीक जाळीचा झोला, काचेच्या कुप्या, चिखलातले बूट. नोंदवही पावसात न भिजणाऱ्या कागदाची आणि लिहायला पेन्सिल. शाई इथल्या हवेत टिकत नाही.

सकाळी 8.00

धक्क्याजवळच्या टपरीवर नासी लमाक आणि फेसाळ तेह तारिक. नारळाच्या दुधात शिजवलेला भात सकाळी खाऊन निघालं की दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाही. आमचे नावाडी आधीच येऊन बसलेले असतात. वयाने वडील माणसाला इथे 'पाक चिक' म्हणतात, आम्हीही त्यांना तेच म्हणतो. तरुणपणी ते या नदीत गोड्या पाण्याची मोठी कोळंबी धरायचे, नंतर पर्यटकांची होडी वल्हवू लागले. काम्पुंग क्वांतानमध्ये काजवे दाखवायला वल्ह्यांचीच होडी नेतात, इंजिनाची नाही. गावातल्या कितीतरी घरांची चूल या होड्यांवर पेटते.

"पाक चिक, काल रात्री कसे होते?"

"वळणाच्या अलीकडे चांगले. पलीकडे ते मोठं झाड आहे ना, त्याची खालची बाजू काळी राहिली."

मी हे लिहून घेते, वेळ आणि झाडाचा क्रमांकही घालते. रोज रात्री नदीवर असणाऱ्या माणसाला जो फरक जाणवतो तो आमच्या महिन्याच्या आकड्यात उशिरा उमटतो.

सकाळी 9.15

दिवसाउजेडी पहिली फेरी झाडांची. बेरेम्बांग, शास्त्रीय नाव सोनेरेशिया केसिओलारिस, आपल्या पांढऱ्या चिप्पीच्या कुळातलं. पांढरी चिप्पी महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केली. रेवदंड्याच्या खाडीकाठी वाढलेल्या मला चिखलातून वर आलेली ही टोकदार श्वासमुळं ओळखीची आहेत. पण चिप्पी समुद्राच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात उभी राहते, तर बेरेम्बांगला नदीचं गोडं पाणी मिसळलेला पट्टा लागतो. म्हणून रिफ्रॅक्टोमीटर. ठरलेल्या प्रत्येक ठिकाणी पाण्याचा थेंब काचेवर ठेवायचा, यंत्र उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. नदीच्या वरच्या अंगाला क्वाला कुबू बारूजवळ धरण झालं. त्या वेळी जाणकारांना हीच काळजी होती: वरून येणारं गोडं पाणी घटलं तर भरतीचं खारं पाणी आणखी आत शिरेल, आणि झाडांबरोबर काठावरच्या बारीक जिवांचाही जम बिघडेल.

प्रत्येक झाडाला क्रमांकाचा पत्रा आहे. झाड उभं आहे की कललं आहे, पालवी कशी आहे, वेलींनी किती झाकलं आहे, बुंध्याखालची माती किती खचली आहे, फांदी तोडलेली दिसते का, एवढं बघायचं. नदीच्या बाजूची पानं मोकळी असणं महत्त्वाचं. नर काजवा एकेक पान धरून बसतो आणि तिथून चमकतो. पानांवर वेल चढली की त्याची जागा गेली. वळणावर एक झाड मुळं उघडी पडून पाण्याकडे झुकलं आहे. पाक चिक वल्ह्याने होडी तिथेच धरून ठेवतात, मी फोटो घेते आणि "धूप, तातडीने लक्ष" असं लिहिते.

सकाळी 11.30

पाणी उतरलं. आता होडी सोडून काठावर. इथे पर्यटक कधी येत नाहीत, आणि काजव्याचं बहुतेक आयुष्य इथेच जातं.

बेरेम्बांगच्या रांगेमागे निपा आणि साबूदाण्याचे ताड, मोठाल्या पानांचं नेचं, वेली आणि कुजक्या पाचोळ्याचा थर. मादी झाडावर मीलन झालं की मागच्या या ओल्या सावलीत येऊन मातीत अंडी घालते. अळी इथेच वाढते, इथेच मातीत कोष करते. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत काही महिने जातात. पंख फुटल्यावरचं आयुष्य थोड्याच आठवड्यांचं असतं. नदीवरून आपण बघतो तो काजव्याच्या जन्माचा शेवटचा तुकडा.

अळीचं अन्न गोगलगाय. सायक्लोट्रोपिस कॅरिनाटा ही तिची मुख्य शिकार, काही मिलिमीटरची, टोकदार शंखाची, ओल्या मातीवर आणि पडलेल्या झावळ्यांखाली राहणारी. आमचं काम सोपं आणि कंबर मोडणारं. चौकोनी चौकट मातीवर टाकायची आणि तिच्या आत जितक्या गोगलगायी दिसतील तितक्या मोजायच्या. मग काठापासून आत सरकत पुन्हा चौकट, पुन्हा मोजणी. दर वेळी मातीची ओल, सावली आणि पाचोळ्याची जाडी लिहायची. निवटे चिखलावर उड्या मारत असतात, डास कानाशी असतात, आणि नेच्याच्या सावलीत गोगलगायींची संख्या वाढत जाते.

मग आपण बांधाशी पोचतो. पूर अडवायला घातलेल्या या मातीच्या बांधापलीकडे पाम तेलाच्या बागा. जिथे बागवाल्याने बांधापर्यंत सगळं रान तासलं आहे तिथे माती तापून भेगाळली आहे. चौकट टाकावी तर आत काहीच सापडत नाही. त्यासमोरचं बेरेम्बांग हिरवंगार आहे, पत्रा जागेवर आहे, तरी रात्री त्यावर काजवे थोडे असतात. झाड राखलं आणि काठ गमावला, तर काय होतं ते या एका जागी उघड दिसतं.

दुपारी 1.30

जेवण, आणि लगेच वळवासारखी जोरदार सर. पाऊस थांबेपर्यंत कालच्या नोंदी संगणकावर चढवते. एकाच झाडासाठी दोघांनी वेगवेगळा अंदाज लिहिला असेल तर दोन्ही आकडे ठेवायचे, सरासरी काढून मूळ नोंद पुसायची नाही. वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामात माणसं बदलतात. कोणी मोजलं, कसं मोजलं हे लिहिलेलं असेल तरच जुना आकडा पुढच्याच्या उपयोगी पडतो. मलेशियाच्या वनसंशोधन संस्थेने, म्हणजे फ्रिमने, या नदीवरच्या मोजणीत अशीच चिकाटी ठेवली, म्हणून इथल्या काजव्यांच्या संख्येतला चढउतार अंदाजाने सांगावा लागत नाही.

या काजव्याचं शास्त्रीय नाव टेरोप्टिक्स टेनर. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो 'असुरक्षित' या वर्गात आहे. 2020 मध्ये 'बायोसायन्स' या नियतकालिकात जगभरच्या काजवा-अभ्यासकांचं मत विचारून एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात तीन धोके वरच्या क्रमाने आले: अधिवास नष्ट होणं, रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं. सेलांगोरच्या या काठावर तिन्ही धोके एका दिवसाच्या पायपिटीत भेटतात.

दुपारी 3.30

पाऊस उघडतो आणि माणसांकडे जायची वेळ होते. आधी एका बागवाल्याकडे. चहा पुढे ठेवून ते म्हणतात, "रान वाढू दिलं की साप येतात. कामगार आत जायला तयार होत नाहीत."

त्यांची अडचण खरी आहे. रान अजिबात काढू नका असं सांगून काही होणार नाही. मी विचारते, "बागेच्या आतलं गवत काढा, पण बांधाच्या नदीकडच्या अंगाला हात लावला नाही तर चालेल का? तिकडे तुमचं झाड नाहीच. आणि त्या कडेला फवारणीऐवजी कोयता?" ते हिशेब करतात, औषध वाचेल पण मजुरी वाढेल. शेवटी नदीकडची बाजू सोडायला ते तयार होतात, फवारणीचं पुढच्या भेटीत बघू म्हणतात. वहीत दोन्ही गोष्टी जातात, मान्य केलेली आणि राहिलेलीही. बागेतलं तणनाशक असो की या भागातल्या भातखाचरांत सोनेरी गोगलगायीवर टाकलेलं औषध, ते पावसाच्या पाण्याबरोबर उताराने नदीकडेच येतं. नको असलेली गोगलगाय आणि काजव्याच्या अळीची गोगलगाय यांतला भेद औषधाला कळत नाही.

मग नदीकाठच्या एका खाणावळीत. इथला मामला दिव्यांचा. मी लक्स मीटर टेबलावर ठेवून आकड्यांत बोलते. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असला तरी जमिनीवर पाव लक्सच्या आसपास उजेड पडतो. रस्त्यावरच्या साध्या दिव्याखाली तो दहा-वीस लक्स असतो. काजव्याचा नर मादीला उजेडानेच हाक घालतो. समोर दिवा जळत असेल तर ती हाक मादीपर्यंत पोचणार कशी? दिवे काढून टाका असं मी म्हणत नाही. दिव्यावर टोपी बसवा म्हणजे उजेड खाली पडेल, नदीकडे जाणार नाही. पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा घ्या. गिऱ्हाईक गेलं की बंद करा. मालकीणबाई बाहेर येऊन स्वतः दिवा बघतात आणि टोपीचा खर्च विचारतात. हा प्रश्न आला की निम्मं काम झालं.

थायलंडच्या अंफावामध्ये हे सगळं वेगळ्या वाटेने बिघडलं. तिथेही हीच झाडं, तिथेही काजवे. पर्यटकांच्या इंजिनांच्या होड्या रात्री उशिरापर्यंत घरांसमोरून जाऊ लागल्या, आणि आवाजाला कंटाळलेल्या काही रहिवाशांनी आपल्या दारातली झाडंच तोडून टाकली. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथल्या काजवा बघायच्या गर्दीची छायाचित्रं कोणी पाठवली की मला अंफावा आठवतं. गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलची बॅटरी, झाडाखाली तुडवलेली माती. सह्याद्रीतल्या काजव्याची अळीही मातीतच वाढते. पर्यटनाला माझा विरोध नाही. काम्पुंग क्वांतानमध्ये झाड तोडलेलं गावाला परवडत नाही, कारण ते झाड गावाला जगवतं. पण हे टिकतं ते वल्ह्यांमुळे आणि अंधार पाळल्यामुळे.

संध्याकाळी 6.30

धक्क्यावर तयारी. अंगाला डासांचं मलम लावलं असेल तर काजवा हाताळायचा नाही, म्हणून आमच्यातला एकजण लांब बाह्या आणि हातमोजे घालून मलमाशिवाय येतो. हवा 28 अंश, आर्द्रता भरपूर, वारा नाही, ढग निम्मे. सगळं लिहायचं. पाऊस किंवा वारा असला की मोजणी पुढे ढकलायची.

संध्याकाळी 7.30

सूर्य मावळून गेला. पश्चिमेला अजून उजेड आहे आणि झाडांच्या आतल्या सावलीत पहिले ठिपके लागतात. सुरुवातीला ज्याची त्याची लय. इथला नर सेकंदाला साधारण तीनदा चमकतो. थोड्या वेळात शेजारचे दोघे जुळतात, मग फांदी जुळते, आणि काळोख झाला की झाडाचा अख्खा दर्शनी भाग एकदम लागतो, एकदम विझतो.

असाच ताल पाहून एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, नदीवरच्या झाडांचं वर्णन लिहून ठेवलं. पुढे पुष्कळांना ते खरंच वाटेना. पापण्यांच्या उघडझापीने भास होत असेल असंही सुचवलं गेलं. जॉन आणि एलिझाबेथ बक या दांपत्याने 1960च्या दशकात थायलंडमध्ये काजवे पकडून अंधाऱ्या खोलीत सोडले. ते भिंतींवर बसले आणि शेजाऱ्याशी शेजारी जुळत गेला. तालाला कोणी म्होरक्या लागत नाही. प्रत्येक नर जवळच्याचा उजेड बघून आपली पुढची चमक मागेपुढे करतो. म्हणूनच मध्ये एक परका दिवा आला की तिथला ताल तुटतो.

रात्री 8.15

मोजणी. पाक चिक वल्ह्याचा आवाज न करता होडी झाडापासून ठरलेल्या अंतरावर धरतात. आम्ही दोघं न बोलता, एकमेकांची वही न बघता, झाडाचे वरचा, मधला, खालचा असे भाग पाडून प्रत्येकात काजवे किती ते ठरलेल्या वर्गांत लिहितो. नाही, तुरळक, मध्यम, दाट. जोडीला झाडावर पडणाऱ्या उजेडाचा आकडा. मग पुढचं झाड. काठावरच्या पक्क्या ठिकाणांहून तिकाटण्यावर कॅमेरा लावून फोटो घेतले जातात. ताल असल्यामुळे झाकण थोडा वेळ उघडं राहिलं तरी बहुतेक नर त्यात येतात, आणि फोटोतले ठिपके नंतर नीट मोजता येतात.

वळणापलीकडचं मोठं झाड येतं. पाक चिकांनी सकाळी सांगितलं तसंच आहे, खालचा भाग काळा. मी लक्स मीटर त्या उंचीला धरते. आकडा शेजारच्या झाडापेक्षा वर आहे. पलीकडच्या काठावर नवा पांढरा दिवा लागला आहे आणि त्याचा झोत पाण्याला घासून नेमका या फांद्यांवर येतो. दिव्याची जागा जीपीएसमध्ये घेते. उद्याचं पहिलं काम ठरलं.

रात्री 9.45

ओळख पक्की करायला एका झाडावरून झोल्याने थोडे काजवे घेतो. कुपीतला नर भिंगाखाली धरला. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, पिवळसर अंग. वरच्या कडक पंखांची टोकं खाली दुमडलेली, याच खुणेवरून हा गण ओळखतात. पोटाशी उजेडाचे दोन पट्टे. शेजारच्या कुपीतली मादी. तिला एकच पट्टा आणि पंखांची टोकं सरळ. खुणा तपासल्या, संख्या लिहिली, कुप्यांची झाकणं काढून त्याच फांदीवर धरली. नर पानाच्या कडेपर्यंत चालत गेला आणि काही सेकंदांत शेजाऱ्यांच्या तालात आला.

रात्री 10.45

आता पुन्हा काठामागे, सकाळी चौकटी टाकल्या त्याच रेषेत. अळ्या रात्री बाहेर पडतात. हेडलॅम्प बंद करून उभं राहायचं. पायाशी पाचोळ्यात एक मंद हिरवट ठिपका लागतो आणि बराच वेळ तसाच राहतो. अळीला ताल नसतो. तांबडा दिवा लावून वाकलं की दिसतं, चपटी, करड्या खवल्यांची अळी एका गोगलगायीच्या शंखात डोकं घालून बसली आहे. तिचे जबडे पोकळ असतात. त्यांतून ती भक्ष्यात विष आणि पाचक रस सोडते, गोगलगाय सुन्न होते, आणि मग तिचं मांस पातळ करून अळी ते शोषते. कित्येक महिने ती हेच करते, आणि त्या खाण्यावरच पुढे झाडावरचा उजेड उभा राहतो. सकाळी जिथे गोगलगायी जास्त होत्या तिथे आता ठिपके जास्त आहेत. तासलेल्या बांधाशी एकही नाही.

रात्री 12.00

चिखल धुऊन टेबलाशी. आकडे चढवले, फोटोंच्या दोन प्रती केल्या. 2009 मध्ये सेलांगोर राज्याने पाणी व्यवस्थापनाच्या कायद्याखाली या नदीकाठचा पट्टा काजव्यांसाठी संरक्षित जाहीर केला. त्यामुळे आमची नोंद कोणाकडे न्यायची याला जागा आहे. 2010 मध्ये जगभरचे काजवा-अभ्यासक सेलांगोर राज्यातच जमले आणि काजव्यांच्या जतनाचा सेलांगोर जाहीरनामा त्यातून आला. जाहीरनाम्याची अंमलबजावणी मात्र प्रत्येक दिव्यावर आणि प्रत्येक बांधावर वेगळी करावी लागते.

उद्या कार्यालयात न्यायच्या टिपणात मी तीन गोष्टी लिहिते. वळणासमोरच्या नव्या दिव्याला टोपी आणि रंगबदल. धुपणाऱ्या झाडाखाली काठ सावरणं आणि मोकळ्या जागी बेरेम्बांगची रोपं. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची: बांधाच्या नदीकडच्या अंगाला छाटणी आणि फवारणी बंद, गोगलगायींच्या मोजणीच्या नकाशासह. झाडं डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे त्यांची बाजू मांडायला नावाडी, पर्यटक, पत्रकार सगळे येतात. मागच्या ओल्या मातीची बाजू मांडायला आकडेच लागतात, आणि ते दर महिन्याला, त्याच रेषेवर, त्याच पद्धतीने गोळा करणं हे आमचं काम आहे.